सदतीसला एक: बर्कलेच्या आखणीवरून पाच दिवस

तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये सर्वेक्षण शिकवलं. दरवर्षी एक उदाहरण फळ्यावर हमखास यायचं: रेल्वेमार्गाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, तर अमुक अंतरावर रुळाची उंची काढा. मुलं वहीत उतरवून घ्यायची, उत्तर बरोबर यायचं, तास संपायचा. हा आकडा बोरघाटाचा आहे हे मी सांगायचे. तो ज्याने ठरवला त्या माणसाचं नाव जेम्स बर्कले, हेही सांगायचे. पण हा चढ बघायचा म्हणून मी स्वतः कधी त्या घाटात गेले नव्हते. पुण्याला जाता-येता झोप काढली तेवढीच. निवृत्त झाल्यावर पहिल्याच श्रावणात पिशवीत एक स्टीलची पट्टी, एक वही आणि पाण्याची चौकोनी बाटली टाकली आणि निघाले.

पहिला दिवस: बोरीबंदर, ठाणे, कल्याण

सकाळी सातला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभी होते. ही भव्य इमारत बर्कलेची नव्हे. ती वास्तुविशारद स्टीव्हन्सची. ती उभी राहिली तेव्हा बर्कलेला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती. बर्कलेच्या वेळचं बोरीबंदर स्टेशन अगदी साधं होतं, आणि तिथूनच १६ एप्रिल १८५३ला दुपारी साडेतीननंतर चौदा डब्यांची गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी. हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. रूळ टाकले कोणी, हे मात्र पाठ नसतं.

लोकलमध्ये खिडकी मिळाली. वही उघडून टिपणं चाळत बसले. बर्कलेचा जन्म १८१९, लंडनजवळचं हॉलोवे. विशीत रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली लागला. रॉबर्ट म्हणजे 'रॉकेट' इंजिनवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा आणि स्वतः त्या काळातला अव्वल रेल्वे इंजिनिअर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८४९ मध्ये कायद्याने स्थापन झाली. मुंबईत तिच्या पाठीशी नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते, आणि लंडनमध्ये सल्लागार इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीफन्सन. मुंबईत राहून काम करणारा मुख्य इंजिनिअर हवा होता. रॉबर्टने बर्कलेचं नाव सुचवलं. फेब्रुवारी १८५०मध्ये तो मुंबईत उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. माझे विद्यार्थी त्या वयात पहिल्या बढतीची वाट बघत असतात.

शीवला मी मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. ३१ ऑक्टोबर १८५०ला याच भागात मातीची पहिली पाटी उचलली गेली. त्या वेळी इथे खाजण होतं. भरतीचं पाणी आत यायचं, आणि रुळाखाली भराव घालून मार्ग पाण्याच्या वर ठेवणं हेच पहिल्या २१ मैलांतलं खरं काम होतं. आज दोन्ही बाजूंना इमारती इतक्या दाटल्या आहेत की भराव ओळखायचा तर रुळाची पातळी आणि बाजूच्या गल्लीची पातळी यांतला फरक बघावा लागतो. मी बघितला. काही ठिकाणी तो अजून दिसतो.

ठाण्याला फार वेळ काढला नाही. कल्याणला मात्र पुलावर उभं राहून तासभर रूळ बघत होते. लोकांना कल्याण म्हणजे गर्दीचं जंक्शन. माझ्या मते बर्कलेच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय इथे जमिनीवर आखलेला दिसतो. मुंबई बेटावरून ठाण्यापर्यंत गाडी नेणं अवघड नव्हतं. खरा प्रश्न सह्याद्रीचा होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तिकडे, बंदर इकडे, आणि मध्ये ही भिंत. कंपनीच्या सुरुवातीच्या बेतात माळशेज घाटाने चढायचं होतं. बर्कलेने पाहणी केली आणि माळशेज सोडला. एकाऐवजी दोन घाट चढायचे असं ठरलं: ईशान्येला थळघाट, आग्नेयेला बोरघाट. पुलावरून दिसणारा फाटा तो हाच. डावीकडचे रूळ कसाऱ्याला, उजवीकडचे कर्जतला. सर्वेक्षणात सोपी वाट शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच एखादी वाट वेळेत नाकारणंही. नाकारलेल्या वाटेवर काहीच उभं राहत नाही, म्हणून त्या कामाचं श्रेय कोणी देत नाही.

संध्याकाळी कर्जत. मामाकडे मुक्काम. मामाची अख्खी नोकरी घाटात गेली. असिस्टंट म्हणून लागला आणि बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला. आता त्या हुद्द्याला लोको पायलट म्हणतात, पण मामा स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतो.

दुसरा दिवस: खोपोली

"उद्या घाट. आज आधी खोपोली बघ," मामा म्हणाला. "नाहीतर घाटाचं मोल कळायचं नाही."

कर्जतहून खोपोलीची लोकल पळसदरीला वळते आणि केळवली, डोलवली, लौजी करत पंधरा किलोमीटरवर थांबते. पुढे डोंगर. रूळ संपतात. हा फाटा असा मध्येच का तुटला, हे मला लहानपणी कळत नसे. ही लाइन १८५६ साली सुरू झाली. घाट व्हायला अजून सात वर्षं होती. वर खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये तयार झाला. म्हणजे पाच वर्षं मुंबईचा माणूस गाडीने खोपोलीला यायचा, इथून डोलीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचा.

फलाटाच्या टोकाला उभं राहून वर बघितलं. ढग इतके खाली होते की कडा अर्ध्यावरच पुसला गेला होता. पाऊस थांबला की दोन-तीन मिनिटं धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या आणि पुन्हा सगळं बंद. या जागेवर बर्कले किती वेळा उभा राहिला असेल? लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावायला समोर स्टाफ, म्हणजे खुणांची उभी पट्टी, दिसावा लागतो. तो धरायला माणूस उभा राहू शकेल अशी जागा लागते. इथे तर कड्यावर पाय ठेवायला जागा नाही. मी सपाट मैदानावर मुलांकडून बंद साखळीचं, म्हणजे निघालो तिथेच परत येणारं, लेव्हलिंग करून घ्यायचे तेव्हाही चूक राहायची. त्याने ते या कपारींतून, रानातून केलं.

त्या काळी दुसराही एक रूढ मार्ग होता. वर स्थिर इंजिन बसवायचं आणि जाड दोराने डबे ओढून घ्यायचे. तसं केलं असतं तर वाट आखूड झाली असती, पण प्रत्येक गाडी त्या दोरावर अडकली असती. बर्कलेला अशी वाट हवी होती की इंजिन स्वतःच्या चाकांच्या पकडीवर चढेल. लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती चढ घेईल याला मर्यादा आहे. म्हणून लांबी वाढवायची, डोंगराच्या अंगाने फिरायचं, आणि चढ ३७ला १ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सगळा बोरघाट या एका आकड्याला बांधलेला आहे.

परतताना रिक्षाने जुन्या रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जाऊन आलो. शिंग्रोबा धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, अशी इथली दंतकथा. कोणी ती रस्त्याची सांगतं, कोणी रेल्वेची. ट्रकवाले अजून नाणं टाकून पुढे जातात. आमच्या रिक्षावाल्यानेही टाकलं. कथा कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण तिच्यातली एक गोष्ट मला पूर्ण पटते. कुठल्याही साहेबाने हा डोंगर एकट्याने ओळखला नसणार. गुरांच्या आणि मेंढरांच्या वाटा ज्यांना माहीत होत्या त्यांच्यामागून चालल्याशिवाय इथे दुर्बीण कुठे लावायची हेही कळत नाही. मीही नाणं टाकलं.

तिसरा दिवस: बोरघाट

कर्जतला गाडीमागे बँकर लागतात ते बघायला मामा मला फलाटाच्या शेवटापर्यंत घेऊन गेला. इंजिनं हळूच येऊन टेकली, कपलिंग अडकलं, ब्रेकचे पाइप जोडले गेले. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार. मग आम्ही धावत आमच्या डब्यात.

पळसदरी गेली की पाच मिनिटांत आवाज बदलतो. मामाने डोळे मिटले. "ऐक. आता चढाला लागली." मला आधी काही जाणवलं नाही. मग खिडकीतून बघितलं तर खोपोलीचे रूळ खाली राहिले होते आणि आम्ही वर.

जामरुंगच्या पुढे पहिला मोठा बोगदा. मी दाराशी, मामाने माझा हात घट्ट धरलेला. गाडी इतकी सावकाश होती की दिव्याच्या उजेडात बोगद्याची भिंत वाचता येत होती. काळा बसाल्ट, वरून पाणी झिरपतंय आणि दगडात बोटभर रुंदीच्या अर्धगोल खाचा. एकीखाली एक, तिरप्या. पहारीने पाडलेल्या सुरुंगाच्या भोकांचा उरलेला अर्धा भाग. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. भोक खोल झालं की दारू भरून बत्ती. दगड फुटला की भोकाचा अर्धा भाग फुटलेल्या दगडाबरोबर जातो आणि अर्धा भिंतीत राहतो. या खाचा मूळच्या कामाच्या की नंतर बोगदा रुंदावतानाच्या, हे धावत्या गाडीतून सांगता येणार नाही. पण मूळचं काम याच पद्धतीने झालं. काही ठिकाणी माणसांना कड्यावरून दोराने खाली सोडलं जायचं आणि ते लटकत लटकत भोकं पाडायचे.

आकडे एकदाच सांगते. मूळच्या घाटाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलोमीटर. एकूण चढाई १८३१ फूट. २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल. सरासरी काढली तर चढ ४६ला १ येतो, जास्तीत जास्त ३७ला १. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६१च्या सुरुवातीला घाटात एका वेळी ४२,००० माणसं राबत होती.

मंकी हिलला गाडी थांबली. चालत्या गाडीत पाणी हिंदकळतं, म्हणून मी याच थांब्याची वाट बघत होते. बाटली अर्धी भरलेली. ती सीटवर रुळाच्या दिशेने आडवी ठेवली आणि पाणी शांत होऊ दिलं. पट्टी लावली. वीस सेंटिमीटर लांबीत पाण्याची रेघ मागच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर वर. सदतीसने भागा: ५.४. मी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"काय गं, काय मोजतेस?" मामा.

"तुझा घाट, मामा."

इतका बारीक फरक. आडव्या बाटलीत जेमतेम पाच मिलिमीटर. आणि याच फरकासाठी मागे तीन इंजिनं लागतात. मामाने हिशेब आपल्या पद्धतीने सांगितला: चोवीस डब्यांची गाडी पूर्ण चढावर असेल तेव्हा पुढचा डबा शेवटच्या डब्यापेक्षा पाच मजले वर असतो. मी वहीत करून बघितलं. पंधरा मीटर. बरोबर पाच मजले.

खंडाळ्याच्या अलीकडे मामाने खिडकीतून दरीकडे बोट केलं. जुनं रिव्हर्सिंग स्टेशन त्या सोंडेवर होतं. डोंगराची सोंड इतकी अरुंद की गाडी वळवायला जागाच नाही. मग बर्कलेने वळणाचा नाद सोडला. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत सरळ न्यायची, थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने, वरच्या रुळावरून पुढचा चढ घ्यायचा. इंग्रजी झेड अक्षरासारखं. जिथे वळण बसत नाही तिथे थांबून उलटं फिरायचं, यातला साधेपणा मला फार आवडतो. पुढे विजेची इंजिनं आली तेव्हा, १९२९ मध्ये, नवे बोगदे खोदून हा तुकडा टाळला गेला. बाकीची आखणी बरीचशी त्याचीच राहिली.

लोणावळ्याला बँकर सुटले. मामा फलाटावर उतरून त्यांच्याकडे बघत राहिला. वरच्या केबिनमधल्या पोराने हात केला. ओळखीचा नव्हता, पण मामा खूश झाला.

चौथा दिवस: खंडाळा

दिवसभर पाऊस. राजमाची पॉइंटवर अर्धा तास उघडीप मिळाली. खाली दरी, पलीकडे द्रुतगती मार्ग आणि डोंगराच्या पोटात मधूनच दिसणारी आणि मधूनच नाहीशी होणारी रुळांची रेघ.

कालचा दिवस मी बर्कलेच्या कौतुकात काढला. आज उरलेलं लिहायला हवं. घाटाचा पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्या काळात मजुरांची मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये कर्जतला मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ठेका सोडला नाही. ॲडम्सन आणि क्लाउझर या दोघा इंजिनिअरांच्या हाती कामाची व्यवस्था देऊन तिने तो पुरा करून घेतला. एकोणिसाव्या शतकात, परक्या देशात, नवरा नुकताच गेलेला असताना एका बाईने एवढा मोठा ठेका पार पाडला. मला हे माझ्या वर्गात सांगायचं सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

आणि मजूर. पटकीने, तापाने, दगड कोसळून किती गेले त्याची नावनिशी नाही. पटकीची साथ आली की छावणीच्या छावणी रिकामी व्हायची. पावसाळ्यात काम बंद, माणसं गावी परत, दिवाळीनंतर पुन्हा जमवाजमव. आज इथे उभं राहिलं की ते का बंद ठेवावं लागे ते कळतं. दहा फुटांवरचं कुंपण दिसत नव्हतं.

बांधकामाचंही बोलायला हवं. घाटातला 'मऊ की माळी'चा कमानी पूल जुलै १८६७ मध्ये, भर पावसात, कोसळला. घाट सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मालगाडी नुकतीच पार गेली होती. चौकशीत चिनाईचं काम कच्चं निघालं, आणि जीआयपीच्या इतरही पुलांवर प्रश्न उभे राहिले. बर्कले तेव्हा हयात नव्हता, पण ज्या वर्षांत हे पूल उभे राहिले त्या वर्षांत मुख्य इंजिनिअर तोच होता. हा डाग त्याच्या नावावर आहे आणि तो तिथेच राहायला हवा. तरी माझं मत सांगते: त्या कामातला पूल पडला, रिव्हर्सिंग स्टेशन गेलं, इंजिनं बदलली. टिकली ती आखणी. दगड पुन्हा रचता येतो. चुकीच्या जागी नेलेला मार्ग मात्र शंभर वर्षं पुढच्या प्रत्येक गाडीला भोवतो.

तो स्वतः १८६१ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे इंग्लंडला परतला. २५ ऑगस्ट १८६२ला लंडनजवळ सिडनहॅमला वारला. वय ४२. बोरघाटाचं उद्घाटन गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते झालं २१ एप्रिल १८६३ला. आठ महिने. आपल्या रेघेवरून चढणारी एकही प्रवासी गाडी त्याने पाहिली नाही.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि मी तीस वर्षं रोज पाहिली."

पाचवा दिवस: थळघाट आणि परत

पहाटे लोणावळ्याहून कल्याण, तिथून लोकलने कसारा, पुढे एक्स्प्रेसने इगतपुरी. थळघाट आखूड आहे: नऊ-सव्वानऊ मैल, ९७२ फूट चढाई, १३ बोगदे, जास्तीत जास्त चढ इथेही ३७ला १. इथेही आधी रिव्हर्सिंग स्टेशन होतं. एहेगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली सुमारे १८० फूट दरी होती आणि धुकं थेट रुळापर्यंत भरलेलं. दिसलं काहीच नाही. पुलावरचा आवाज तेवढा वेगळा येतो, पोकळ, आणि खाली किती खोल आहे ते त्या आवाजावरूनच कळतं. हा घाट १८६५ मध्ये सुरू झाला. कापूस याच वाटेने बंदरावर आला.

इगतपुरीला चहा घेऊन परतीची गाडी पकडली. उतरताना घाटात एके ठिकाणी गाडी थांबली. डब्यातले लोक कुरकुरायला लागले. मामाने मला खिडकीशी बोलावलं.

"कॅच सायडिंग. तो फाटा बघ, चढावर गेलाय ना?"

मुख्य मार्ग खाली उतरत होता आणि त्याला फुटलेला एक रूळ उलट चढत जाऊन रानात संपत होता. सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा रुळांचा जोड, नेहमी त्या चढाच्या बाजूला लावलेला असतो. उतरणारी गाडी ताब्यात नसेल तर ती आपोआप त्या चढावर जाऊन थकून थांबते. ताब्यात असेल तर ड्रायव्हर इथे थांबवून दाखवतो, आणि मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो.

"प्रत्येक गाडी? रोज?"

"प्रत्येक. थांबवून दाखवल्याशिवाय वाट नाही."

मी बाटली काढून सीटवर आडवी ठेवली. पाणी या वेळी पुढच्या टोकाला चढलं होतं. पट्टी लावणार एवढ्यात सांध्याचा खटका ऐकू आला, सिग्नल पडला, आणि गाडी सावकाश कसाऱ्याकडे सरकली.